हात वर कर, खाली बस, पळून ये : वंडर वुमनच्या तयार ड्रेसची उसवणी

जावयांनी ऑनलाइन मागवलेला ड्रेस तान्ह्या पोळ्याच्या, म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पोरं लाकडी बैल मिरवतात त्या सणाच्या, अकरा दिवस आधी घरी आला. खोक्यावरचं चित्र असं, की पोरगी आता उडालीच म्हणून समजा. आत प्लॅस्टिकच्या पिशवीत घडी घातलेला, रुमालाएवढ्या वजनाचा, चमचम करणारा वंडर वुमनचा, म्हणजे अमेरिकन कॉमिक्समधल्या त्या अचाट ताकदीच्या बाईचा, पोशाख. सोबत फोमचा मुकुट, दोन मनगटपट्टे, पिवळी दोरी आणि बुटांवर चढवायची लाल खोळ. किंमत १,३४९ रुपये, वय सात ते आठ. माझी नात आठ वर्षांची, अंगाने काडी. मापाचं भांडण व्हायचं कारण नव्हतं.

कोणत्या कंपनीचा ते लिहीत नाही. अशा खोक्यांमधला माल सगळा एकाच जातीचा असतो, नाव वरून चिकटवलेलं. पण ज्यांच्या घरी आठ वर्षांची पोरगी आहे आणि जी "मला वंडर वुमनच व्हायचंय" म्हणून हटून बसली आहे, त्यांनी बटण दाबायच्या आधी हे वाचावं.

मी नागपूरच्या महाल भागात, बडकस चौकाच्या मागच्या एका गल्लीत, गेली चोवीस वर्षं फॅन्सी ड्रेस भाड्याने देते. त्याआधी ब्लाऊज शिवायची. दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली. दोन मशिनी, एक इंटरलॉक आणि लोखंडी पाईपवर लटकलेले दीडशेच्या वर पोशाख. जिजाऊ, झाशीची राणी, सावित्रीबाई, भारतमाता, वासुदेव, पोपट, कणीस, आणि संत्रं. नागपुरात गॅदरिंगला एक तरी संत्रं लागतंच, त्याशिवाय बाईंना चैन पडत नाही. माझ्याकडे संत्री चार आहेत, चारही डिसेंबरभर बाहेर असतात.

पाईपवर चढण्याआधी माझ्याकडच्या प्रत्येक पोशाखाला तीन परीक्षा द्याव्या लागतात. ज्या पोराच्या अंगावर तो असतो त्याला मी सांगते, हात वर कर. खाली बस. कोपऱ्यावरच्या पानठेल्यापर्यंत पळून ये. या तिन्हींत पास झाला तर भाड्याला, नाहीतर पुन्हा मशिनीवर. स्टेजवर पोरं उभीच राहतात हा मोठ्या माणसांचा गैरसमज आहे. पोरं स्टेजवर जायच्या आधी दोन तास मैदानात धिंगाणा घालतात.

तर नातीला ड्रेस घातला. "हात वर कर" म्हटलं. तिने हात वर केले आणि कमरेची शिवण बरगड्यांपर्यंत चढली. वरचा भाग आणि घेर एकाच अंगात शिवलेला, खांद्याला पातळ इलॅस्टिक, त्यामुळे हात गेला की अख्खा ड्रेस त्याच्या मागे जातो. "खाली बस" म्हटलं तर ती अर्धी बसली आणि डाव्या कुशीत टर्रर्र. उलटून पाहिलं, दाब, म्हणजे शिवणीबाहेर सोडलेलं कापड, जेमतेम दोन सूत. इंटरलॉक नाही, साधी सुटी टीप. आत अस्तर नाही, घेराखाली कडक जाळी उघडी ठेवलेली.

"आज्जी, हे टोचून राहिलं," नात म्हणाली.

तिसरी परीक्षा घेतलीच नाही. छातीवरची सोनेरी पन्नी तेवढ्यातच सोलून तिच्या हनुवटीला लागली होती.

माल परत पाठवायचा म्हटलं तर पाकीट फोडलं म्हणून नकार आला. फोडल्याशिवाय घालून कसं पाहायचं, हे विचारायला पलीकडे माणूस नव्हता, नुसते तयार संदेश येत होते. रात्री जेवणं झाल्यावर मी ब्लेड घेऊन बसले आणि तो ड्रेस उसवायला घेतला. निदान माप तरी निघेल म्हणून. आणि उसवता उसवता लक्षात आलं की हा एका वंडर वुमनचा ड्रेसच नाही. पाच-सहा जणींचे तुकडे एकत्र शिवलेत.

मला हे कळतं त्याला कारण आहे. आमच्या वरच्या खोलीत चित्रकला शिकणारी एक पोरगी भाड्याने राहते. तिच्याकडे जुन्या कॉमिक्सचे जाडजूड संग्रह आहेत, पाटा-वरवंट्यातल्या पाट्याएवढे. दुपारी लाईट गेली की मी वर जाऊन ते बघत बसते. इंग्रजी अर्धंमुर्धं कळतं, कपडे पूर्ण कळतात. शिवाय माझी मुलगी लहान होती तेव्हा केबलवर कार्टून नेटवर्क लावून बसायची, आणि आता नातीने वंडर वुमनचा २०१७ चा सिनेमा माझ्याकडून तीनदा बघून घेतला आहे. मी सिनेमा शिवणीच्या बाजूने बघते. गोष्ट दुसऱ्यांदा कळते.

घेरापासून सुरुवात करते. निळ्या कापडावर पांढऱ्या चांदण्यांचा घेर, ही सगळ्यात जुनी बाई. १९४१ च्या अखेरीस 'ऑल स्टार कॉमिक्स'च्या आठव्या अंकात ती पहिल्यांदा आली, आणि लगेच १९४२ च्या जानेवारीत 'सेन्सेशन कॉमिक्स'च्या पहिल्या अंकाच्या मुखपृष्ठावर. लिहिणारा विल्यम मोल्टन मार्स्टन हा मानसशास्त्रज्ञ. चित्रं एच. जी. पीटरची, आणि पीटर तेव्हा साठी ओलांडलेला. पहिल्या कच्च्या चित्राच्या कडेला पीटरने मार्स्टनसाठी लिहून ठेवलं होतं की हिच्या चपला ऑफिसातल्या स्टेनोग्राफर बाईच्या वाटतात, काहीतरी रोमन पद्धतीचं करू. हे वाचलं तेव्हा मला तो म्हातारा एकदम आपला वाटला. गिऱ्हाईकाने सांगितलं ते केलं, पण स्वतःच्या डोळ्याला खटकलं तेही कडेला टिपून ठेवलं. आम्हीही मापाच्या वहीत असंच लिहितो, "बाह्या ताईंनी सांगितल्या म्हणून".

त्या पहिल्या चित्रांत तिला घेरदार स्कर्ट आहे, पळताना फुलणारा. थोड्याच दिवसांत तो मधून दुभागल्यासारखा दिसू लागला, आणि मग घट्ट, आखूड चड्डी होत गेला. आता मी शिंपीण म्हणून सांगते, दुभागणं ही सुधारणा होती. आपल्या नऊवारीचा कासोटा तेच करतो. झाशीची राणी घोड्यावर बसते ती कासोट्यामुळे, गोल साडीत टांग टाकून दाखवा बरं. पण दुभागलेल्यावर थांबायचं की नाही? पुढची पन्नास-साठ वर्षं दर चार-आठ वर्षांनी कोणीतरी येतो आणि त्या चड्डीची कड आणखी वर सरकवतो. कापड कमी करायला पळण्याचं कारण सांगता येतं, पण किती कमी केलं की पळण्याशी संबंध सुटतो, ते कापणाऱ्याला बरोबर कळत असतं.

छातीवरचं चिन्ह उसवताना पन्नीचे तुकडे बोटांना चिकटले. तिथे दोन इंग्रजी डब्ल्यू एकात एक. मुळात तिथे गरुड होता, पंख पसरलेला. १९८२ मध्ये त्याच्या जागी ही दोन अक्षरं आली. अमेरिकेचा गरुड कोणीही वापरू शकतो, कंपनीचं अक्षर फक्त कंपनीचं. दप्तरापासून पाण्याच्या बाटलीपर्यंत छापायला सोयीचं. मला राग नाही. आमच्याही भारतमातेच्या मुकुटाच्या आत दुकानाचा शिक्का आहे, नाहीतर लोक परतच करत नाहीत.

मनगटपट्टे मात्र मी जपून बाजूला ठेवले. माल भिकार होता, चंदेरी कार्डशीट आणि आतून चिकटपट्टी. पण त्यामागची गोष्ट मला सगळ्यात जास्त आवडते. मार्स्टनच्या घरात बायको एलिझाबेथ होती, आणि ऑलिव्ह बर्न नावाची दुसरी बाईही राहायची. दोघींना त्याच्यापासून दोन-दोन मुलं. सगळे एका छताखाली. या ऑलिव्हच्या हातांत रुंद कडी असायची, आणि तीच वंडर वुमनच्या हातात गेली. कॉमिकमध्ये अमेझॉन बाया, म्हणजे ती ज्यांच्यातली त्या बेटावरच्या लढवय्या बाया, ती कडी घालतात ती हर्क्युलिसने केलेल्या कैदेची आठवण म्हणून, पुन्हा कोणाच्या ताब्यात जायचं नाही म्हणून. आणि त्याच कड्यांवर ती गोळ्या अडवते.

आपल्याकडे पुरुषाला घालून पाडून बोलायचं तर म्हणतात, हातात बांगड्या भरल्यात का? मी हे आमच्या घरी किती वेळा ऐकलं त्याची मोजदाद नाही. सासरे बोलायचे, दीर बोलायचे, टीव्हीवर क्रिकेट बघताना आमचे हेही बोलायचे. नातीने एक दिवस खाटेवर उभं राहून, दोन्ही मनगटं तोंडासमोर फुलीसारखी धरून आजोबांना सांगितलं, "आजोबा, मारा गोळी." त्यांनी शेंगदाणा मारला. तिने अडवला. त्यानंतर ती म्हण घरात ऐकली नाही, हे मी उगाच रंगवून सांगत नाही. त्यांना ती आठवतच नसेल, किंवा शेंगदाणा आठवत असेल.

दोरीही तशीच. खोक्यातली दोरी नायलॉनची, चमकी लावलेली. अर्ध्या तासात चमकी पोरीच्या तळहातावर, उशीवर आणि वरणात. आज सगळ्यांना ती 'सत्याची दोरी' म्हणून ठाऊक आहे, जिच्यात अडकलं की खरं बोलावं लागतं. पण सुरुवातीच्या कॉमिकमध्ये ती आज्ञा पाळायला लावायची, खरं बोलणं हा त्यातलाच एक भाग. पुढे खरेपणाच शिल्लक राहिला. खुद्द मार्स्टनने रक्तदाबावरून खोटं ओळखायची चाचणी शोधली होती, तेव्हा ही दोरी कुठून आली ते सांगायला नको. आमच्याकडे तिचा वापर एकाच कामाला होतो. नात ती आजोबांच्या पोटाभोवती गुंडाळते आणि विचारते, शुगरची गोळी घेतली का? आणि दुपारी गोडाचा डबा कोणी उघडला? पहिल्या प्रश्नाला दोरी चालते. दुसऱ्याला अजून तरी चाललेली नाही.

लाल खोळींवर पांढरा पट्टा आहे, तो कॉमिकातून टीव्हीवर गेलेल्या बाईचा. लिंडा कार्टर. १९७५ ते १९७९. वरच्या पोरीने मला त्याचे तुकडे लॅपटॉपवर दाखवले. त्याच्या आधी, १९७४ मध्ये, कॅथी ली क्रॉस्बीला घेऊन एक टीव्ही-सिनेमा झाला होता. केस सोनेरी, अंगभर कपडे, ट्रॅकसूटसारखे. पळायला उत्तम, पण वंडर वुमन म्हणून कोणी ओळखणार नाही. कार्टरबाईंचा पोशाख डॉनफेल्ड नावाच्या वेशभूषाकाराने केला आणि तो पाहिला की डोळ्यांसमोरून हलत नाही. कॉमिकचं पान फाडून अंगावर घातल्यासारखा. गोष्टीचा पहिला हंगाम दुसऱ्या महायुद्धात घडतो, मग दुसऱ्या वाहिनीवर गेल्यावर गोष्ट त्यांच्या चालू काळात आली. त्यासरशी चड्डीची कडही वर गेली, तुम्ही दोन्ही फोटो शेजारी ठेवून बघा. काळ पुढे, कापड मागे.

तरी ही बाई मला आवडते. कारण तो पोशाख ती सांभाळत बसत नाही. पळताना, उडी मारताना तिचा हात एकदाही गळ्याकडे जात नाही. आणि स्वतःभोवती गिरकी घेऊन कपडे बदलायची जी करामत जगाला ठाऊक आहे, ती कार्टरचीच कल्पना. ती नाच शिकलेली होती म्हणे, त्यातून सुचलं. पाण्यात उतरायचं असेल तर तिच्यासाठी अंगभर निळा सूट वेगळा होता. म्हणजे त्या लोकांनाही हे कळत होतं की कामाप्रमाणे कपडा लागतो. फक्त जमिनीवर गुंडांशी मारामारी करायला कमी कपडा लागतो, असा त्यांचा हिशेब.

नातीने गिरकी करून पाहिली. तिसऱ्या फेरीला तोल गेला आणि कटिंगच्या टेबलाला धडकली. टेंगूळ आलं. कपडे तेच राहिले.

माझ्या मुलीच्या वेळची वंडर वुमन कार्टूनमधली, २००१ पासून आलेल्या 'जस्टिस लीग'मधली. आवाज सुझन आयझनबर्गचा. आईला न विचारता पोशाख उचलून बेटावरून निघून येणारी. माझी पोरगी तेव्हा नऊ वर्षांची, आणि "आईला न विचारता" एवढंच तिने त्यातून उचललं. त्या पोशाखाला खांद्यावर काही आधार नाही, तरी तो अवकाशात, स्फोटात, उलटं लटकताना जागचा हलत नाही. कार्टूनमध्ये कापड घसरत नाही, ते शाईचं असतं. त्याला परीक्षा कसली घ्यायची.

आता या खोक्यात जिचा एक धागाही नाही, अशी एक वंडर वुमन सांगते. १९६८ मध्ये कॉमिकवाल्यांनी तिची शक्ती, कडी, दोरी सगळं काढून घेतलं. डेनी ओ'नील लिहायचा, माइक सेकोव्स्की काढायचा. अमेझॉन बाया दुसऱ्या जगात निघून गेल्या आणि डायना, म्हणजे आपली वंडर वुमनच, माणसांत राहिली. आंधळ्या म्हाताऱ्या गुरूकडून मारामारी शिकली. पांढरी पँट, पांढरा कोट, वेगवेगळे नवे कपडे. आणि पोटासाठी तिने काय केलं माहीत आहे? कपड्यांचं दुकान टाकलं. बुटीक!

हे पान उघडलं तेव्हा मी वरच्या खोलीत एकटीच मोठ्याने हसले. सत्तावीस वर्षं त्या लोकांनी उडती बाई रंगवली आणि शेवटी ती आली आमच्याच धंद्यात. तिच्या दुकानात हँगर कसे लावलेत, काउंटर कुठे आहे ते मी आधी पाहिलं. भाड्याने देते की विकते? विकते. उधारीची वही दिसली नाही.

पण या प्रकरणावर खूप ओरड झाली आणि ती रास्त होती. १९७२ मध्ये अमेरिकेतली स्त्रीवादी लेखिका ग्लोरिया स्टायनम आणि तिच्या मैत्रिणींनी 'मिस' मासिकाचा जुलैचा अंक काढला तेव्हा मुखपृष्ठावर वंडर वुमन होती, जुन्या पोशाखात, राक्षसाएवढी मोठी, रस्त्यावरून चालत येणारी. हिला राष्ट्राध्यक्ष करा, असं वर लिहिलेलं. त्यांचं म्हणणं, सगळ्या पुरुष नायकांना शक्ती आहे आणि एकटीच काहून साधी बाई करून ठेवली? बरोबरच आहे. पुढच्या वर्षी, १९७३ च्या सुरुवातीच्या अंकात, शक्ती परत आली. आणि तिच्यासोबत आखूड चड्डीही.

माझं भांडण इथे आहे. शक्ती परत द्यायची होती ना? मग पँट काहून काढून घेतली? उडायची ताकद आणि मांडीभर कापड एका जागी नांदत नाही, असं कुठे लिहिलंय? चार वर्षं एक बाई त्या कागदावर पूर्ण पाय झाकून लाथा मारत होती, माझ्या तिन्ही परीक्षांत अव्वल आली असती, आणि तिला शक्ती मिळाली त्या दिवशी तिचा पायजमा जप्त झाला. बायांनीच मागितलं म्हणून झालं हे खरं, पण मागताना पोशाखाचं माप कोणी सांगितलं नाही, आणि शिंप्याने आपल्या मनाने जुनंच कापलं. असं होतं. मी पाहिलेलं आहे. २०१० मध्ये चित्रकार जिम लीने पुन्हा पँट आणि जाकीट दिलं, तेही फार टिकलं नाही. २०११ मध्ये टीव्हीसाठी ॲड्रिएन पॅलिकीला चकचकीत पँट घालून एक भाग काढला, तो दाखवलाच नाही.

२०१६ च्या ऑक्टोबरमध्ये संयुक्त राष्ट्रांनी वंडर वुमनला मुली-महिलांच्या सक्षमीकरणाची मानद दूत केलं. पंचाहत्तर वर्षं झाली म्हणून. तिथल्याच कर्मचाऱ्यांनी पाठ फिरवून निषेध केला, पंचेचाळीस हजारांच्या आसपास सह्या जमल्या, आणि डिसेंबरमध्ये ते पद संपलं. तक्रारीत कपडे होतेच, शिवाय अंगाची अशक्य मापं आणि अमेरिकेच्या झेंड्याचे रंग. वरच्या पोरीला वाटतं हा अन्याय झाला, कपड्यावरून बाईला कामावरून काढलं. मला वाटतं सह्या करणाऱ्यांचं बोट बरोबर जागी होतं, पण ते बाईकडे दाखवलं. तिने थोडंच शिवलं होतं?

आणि मग पुढच्याच वर्षी पॅटी जेन्किन्स या दिग्दर्शिकेचा सिनेमा आला, नातीचा तो २०१७ चा. खोक्यातल्या ड्रेसवर तपकिरी छटेची, कातड्यासारखी नक्षी छापली आहे ती यातल्या वंडर वुमनच्या, गॅल गॅडोटच्या, चिलखताची नक्कल. मूळ घडण मायकेल विल्किन्सन या वेशभूषाकाराची, ती आधी दिसली त्या २०१६ च्या सिनेमातली, तिथे रंग मातकट. २०१७ ला लिंडी हेमिंगने रंग उजळले. कमरेखाली सलग घेर नाही, सुट्या कातडी पट्ट्या आहेत. पाय उचलला की पट्ट्या बाजूला होतात, पाय खाली आला की पुन्हा जागेवर. खंदकातून शिडी चढून ती एकटी गोळीबारात निघते त्या जागी नात श्वास धरून असते, आणि मी त्या पट्ट्या बघत असते. एकही पट्टी ढालीत अडकत नाही. कापणारीने हात वर करून, बसवून, पळवून पाहिलंय, हे मी पैजेवर सांगते. बुटाला तेवढी उंच टाच काहून दिली ते मात्र देव जाणे. त्या चिखलात?

माझा आवडता प्रसंग त्याआधीचा. लंडनच्या दुकानात तिला माणसांत शोभतील असे कपडे घालून बघायला नेतात. दोनशेच्या वर कपडे होतात. ती एकेका झग्यात लाथ मारून बघते, हात फिरवून बघते, आणि विचारते की यात बाई लढणार कशी? मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा खुर्चीतून उठलेच. माझी परीक्षा! चोवीस वर्षं मी बडकस चौकात जे विचारते आहे तेच ती विचारून राहिली होती. आमचे हे म्हणाले, "काहून उठली?" म्हटलं, काही नाही, पाय आखडला.

दुसरी एक गोष्ट वरच्या पोरीने सांगितली. काही प्रसंग नंतर पुन्हा चित्रित केले तेव्हा गॅडोट पाच महिन्यांची गरोदर होती. चिलखतात पोट मावेना. मग पुढून त्याचा त्रिकोण कापला आणि तिथे हिरवं कापड लावलं, म्हणजे कॉम्प्युटरवर पोट पुसता येतं. ऐकल्याबरोबर मला आमच्याकडे ब्लाऊज घेऊन येणाऱ्या सातव्या महिन्यातल्या पोरी आठवल्या. डोहाळजेवणाला जुनाच ब्लाऊज हवा असतो. कुशी उसवून तिकोनी तुकडा घालायचा, पदराखाली दिसत नाही. तिकडे कोट्यवधींच्या सिनेमात तोच तुकडा, फक्त हिरवा.

त्याच वर्षीच्या दुसऱ्या सिनेमात त्याच अमेझॉन बायांपैकी काहींची पोटं उघडी पडली, लोकांनी दोन्ही फोटो शेजारी ठेवून विचारलं की लढाईला पोट उघडं कशाला. आणि २०२० मध्ये आलेल्या पुढच्या भागातलं सोनेरी पंखांचं चिलखत दिसायला राजेशाही, पण "खाली बस" म्हटलं तर त्यात नापास. त्यावर जास्त बोलत नाही. शेवटी लिंडा कार्टर क्षणभर दिसते, तेवढ्यासाठी मी पूर्ण पाहिला.

तर उसवून झालं तेव्हा रात्रीचा एक वाजला होता, आणि टेबलावर ऐंशी वर्षांच्या चिंध्या पडल्या होत्या. १९४१ चा घेर, १९८२ ची अक्षरं, कॉमिकच्या बुटांचा पट्टा, २०१७ ची नक्षी. एकाही जणीचं चांगलं ते घेतलेलं नाही, प्रत्येकीचं ओळखू येईल तेवढंच घेतलं. पाचपैकी एक गुण. तो मुकुटाला, तो का ते खाली येईल.

दुसऱ्या दिवशी गांधीबागेतून निळं कॉटन-लायक्रा आणलं, लाल आणि पांढरं अस्तरासकट. वरचं अंग वेगळं, खालचं वेगळं. खाली गुडघ्यापर्यंतची चड्डी आणि तिच्यावर सुट्या पट्ट्यांचा घेर, सहा पट्ट्या, प्रत्येकीला उलटा दाब. चांदण्या फेल्टच्या, हाताने टाके घालून. छातीचा भाग फोमशीटचा, आतून बनियनचं कापड, खांद्याला रुंद इलॅस्टिक. गरुड घातला, अक्षरं नाही. कडी बकरम आणि चंदेरी रेक्झिनची, वेल्क्रो लावून. दोरीसाठी कुठे जावंच लागलं नाही. पोळ्याची दुकानं लागली होती. लाकडी बैल, झुली, गोंडे, माळा. तिथून पिवळा सुती कासरा घेतला, चाळीस रुपयांत. हाताला मऊ, चमकी नाही, आणि आजोबा त्याला जास्त घाबरतात. सगळा खर्च ६१० रुपये, माझी शिलाई धरली नाही.

हात वर, पास. खाली बस, पास. पानठेल्यापर्यंत गेली आणि परतच येईना. शोधायला गेले तर पानवाल्याच्या पोराला कड्याने गोळ्या अडवून दाखवत होती.

तान्ह्या पोळ्याला सकाळी मारबत असते, म्हणजे इडापिडा घेऊन जाणाऱ्या मोठमोठ्या पुतळ्यांची मिरवणूक, महाल-इतवारीत पाय ठेवायला जागा नसते. काळी मारबत, पिवळी मारबत, बडगे म्हणजे त्यांच्यासोबतचे पुरुषी पुतळे, आणि "घेऊन जा गे मारबत" ची आरोळी. ही पोरगी सकाळपासूनच तो ड्रेस घालून आजोबांच्या खांद्यावर. दुपारी एक सर आली, भिजली, वाळली. संध्याकाळी गल्लीच्या मंडळापुढे बैल घेऊन सगळी पोरं उभी राहिली. परीक्षक बाईंनी विचारलं, तू कोण बाळा? हिने सांगितलं. त्यांनी विचारलं, ती काय करते? ही म्हणाली, "खरं बोलायला लावते," आणि कासरा उघडून त्यांच्याच दिशेने निघाली. दुसरा नंबर मिळाला. पहिला संत्र्याला. ते संत्रं माझ्याच दुकानातलं, भाडं दीडशे रुपये.

खोक्यातला मुकुट तिच्या डोक्याला सैल व्हायचा, सारखा नाकावर यायचा, म्हणून मी तिला नुसती सोनेरी लेसची पट्टी बांधून दिली होती. मुकुट तिने बैलाला घातला. दोन शिंगांच्या मधोमध, लाल चांदणी बरोबर कपाळावर. पूर्ण मिरवणुकीत जागचा हलला नाही.